पठारावरची माणसं आणि मुंबईचं बंदर

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. शेवटी एक काम सांगितलंय, तेवढं मात्र करा.

आणे पठाराचा आणि समुद्राचा संबंध काय, असं आजच्या पोराला विचारलं तर तो हसेल. आपल्याकडं प्यायच्या पाण्याचीच मारामार. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आपल्याच जुन्नर-आंबेगावात, पण कालवे खालून वाहतात आणि पठार वर कोरडं. असं असूनही आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, आनंदवाडी इथल्या माझ्या माहितीतल्या जुन्या घरांपैकी बहुतेक घरांतून कोणी ना कोणी मुंबईच्या बंदराकाठी राबलेला आहे. कोणी गोदीत, कोणी दाणा बंदरच्या वखारीत, कोणी मशीद बंदरच्या कांदा-बटाटा बाजारात. ज्या माणसांना गावात विहीर पुरली नाही, ती जन्मभर समुद्राच्या काठावर ओझी वाहत राहिली.

आज हे लिहायचं कारण म्हणजे त्या बंदराची जमीन आता नव्याने वापरायची ठरते आहे. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतचा मुंबईचा पूर्व किनारा, बंदराच्या मालकीची सुमारे १८०० एकर जमीन. या जमिनीचं पुढं काय होणार यात आपलाही शब्द असायला हवा असं मला वाटतं. का, ते सांगतो.

आधी ती जमीन आली कुठून ते बघू. आज जिथं पी. डिमेलो रोड आहे तिथून पलीकडचा बराचसा भाग दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाणी आणि चिखल होता. भाऊचा धक्का आपल्याला माशांमुळं माहीत. तो मूळचा बांधला भाऊ अजिंक्य या मराठी माणसाने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, शहराचा कचरा-माती टाकून. मग अमेरिकेत यादवी युद्ध झालं (१८६१ ते १८६५), तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या जोरावर एल्फिन्स्टन कंपनीने समुद्रात भराव टाकला. डोंगरी-माझगावकडच्या टेकड्या फोडून ती माती पाण्यात गेली. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, विलायत जवळ आली. १८७३ ला पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ ला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस डॉक, त्याच्यामागोमाग व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४ ला अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. हा शेवटचा डॉक खणताना जी माती निघाली तिच्यावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. १९१५ ला बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत.

हे सगळं पुस्तकात सापडतं. डॉकचं नाव राजपुत्रावरून, राणीवरून. बॅलार्ड इस्टेटचं नाव पोर्ट ट्रस्टच्या कर्नलवरून. पण काठावरच्या धक्क्यांची नावं बघा : दाणा बंदर, लाकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर. ही नावं मालावरून पडली. जिथं जे उतरायचं ते नाव. उतरवणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, १९५८ साली मुंबईला गेले. वय सतरा. आळेफाट्यावरून माळशेज उतरून मुरबाड, कल्याण आणि मग मशीद बंदर. तिथं एका चाळीत गावची खोली होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस-बावीस जण. निम्मे दिवसपाळीला, निम्मे रात्रपाळीला, म्हणून सगळ्यांना आडवं व्हायला जागा मिळायची. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण खानावळीत, एका विधवा बाईकडं. तीही आपल्याच बाजूची. आबा म्हणायचे, "मुंबईत पयल्यांदा पोटभर जेवलो आन् पयल्यांदा पाठ मोडली, दोन्ही एकाच दिशी."

काम टोळीचं. टोळीला मुकादम. शंभर किलोची गोणी पाठीवर, हातात आकडा, अंगात गंजीफ्रॉक, डोक्याला फडकं. वखारीत फळी लावलेली असायची, त्या फळीवरून वर चढून थप्पी लावायची. मिरचीच्या गोणीने पाठीची आग व्हायची, सिमेंटने छाती भरायची. मालक टोळीला ओळखत नसे, मुकादमाला ओळखायचा. मजुरी मुकादमाकडं यायची, तो स्वतःचं काढून घ्यायचा, उरलेलं वाटायचा. पाठ धरली, पाय घसरला, तर गावाकडची एसटी.

आबांच्या टोळीतली म्हातारी माणसं १४ एप्रिल १९४४ बद्दल बोलायची. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलं होतं. त्यात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. कापूस पेटला आणि पाठोपाठ दोन स्फोट झाले. आसपासची गोदामं, चाळी, वस्त्या उडाल्या. आग विझवायला गेलेले साठाहून जास्त अग्निशमन जवान गेले. १४ एप्रिल हा दिवस म्हणूनच देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि ते योग्यच आहे. पण एकूण माणसं किती गेली? कुठं आठशे लिहिलंय, कुठं तेराशे. हा पाचशेचा फरक आहे ना, त्यात आपली माणसं आहेत. सोन्याच्या विटा मात्र पुढं कित्येक वर्षं गाळ काढताना एकेक करून सापडत होत्या आणि त्या मोजून सरकारजमा होत होत्या.

गोदीतल्या कामगारांसाठी १९४८ ला कायदा झाला, त्यांचं मंडळ आलं. पी. डिमेलोंसारखे पुढारी त्यांना मिळाले, रस्त्याला त्यांचं नाव आहे. गोदीच्या भिंतीबाहेर वखारीत आणि बाजारात राबणाऱ्या हमालाला मात्र १९६९ पर्यंत थांबावं लागलं. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी एकत्र केले, साताऱ्याच्या पाटण-जावळीचे आणि आपल्या जुन्नर-आंबेगावचेही, आणि महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालकाने मजुरी थेट हातात न देता मंडळात भरायची, आणि तिच्यावर काही टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्टी, दवाखाना. माणूस टोळीचाच, मालक शंभर, तरी तो नोकरदारासारखा. देशात असा कायदा पहिल्यांदा इथं झाला, आणि त्यामागं पदवीधर नव्हते, पाठीवर गोणी वाहणारे होते. आपल्या पठारावर १९७२ च्या दुष्काळानंतर जी घरं उभी राहिली, ज्या विहिरी खोदल्या गेल्या, जी पोरं कॉलेजात गेली, त्यातला बराच पैसा या लेव्हीचा आहे.

आता आबांची गोष्ट. टोळीची नोंदणी झाली तेव्हा मुकादमाने अकरा जणांची नावं लिहून देताना आडनावाच्या जागी सरसकट 'आणेकर' टाकलं. त्याला सोपं पडलं. आबांनाही तेव्हा काही वाटलं नाही, उलट गावाचं नाव लागलं म्हणून बरंच वाटलं. पुढं घरांच्या याद्या निघाल्या. रेशनकार्डावर एक आडनाव, बिल्ल्यावर दुसरं. आबा सात वर्षं हेलपाटे घालत होते. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, आता उपयोग नाही. प्रत्येक वेळी नवा साहेब, नवं प्रतिज्ञापत्र. शेवटी फंडाचे पैसे मिळाले, घर नाही मिळालं. ते परत आण्याला आले आणि शेवटची वर्षं इथंच काढली. रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीच्या पंगतीला बसले की पलीकडच्या गोण्या बघून वजन सांगायचे. चुकायचं नाही.

बंदरावरचं काम गेलं कसं, तेही बघितलं पाहिजे, कारण ते एका दिवसात गेलं नाही. कंटेनर आला. वीस फुटी पेटीत वीस-बावीस टन माल बसतो. म्हणजे शंभर किलोच्या दोनशेवर गोण्या. जे काम टोळी दिवसभर करायची ते क्रेन काही मिनिटांत करते. १९८९ ला खाडीपलीकडं न्हावा शेव्याला जेएनपीटी सुरू झालं आणि पेट्या तिकडं गेल्या. बाजारही हलला. कांदा-बटाटा १९८० च्या दशकात तुर्भ्याला, मग मसाला आणि धान्य, आणि १९९६ ला भाजी-फळं. ओतूरचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो आता तिकडंच उतरतो. काही टोळ्या बाजाराबरोबर गेल्या, काहींना कोपरखैरणे-घणसोलीत घरं मिळाली, ती चांगली गोष्ट झाली. पुढं प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक बुजवून टाकले. ज्या पाण्यासाठी टेकड्या फोडल्या, त्या पाण्यात परत माती.

आता त्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा आहे. २०१३ ला वरून पूर्व मुक्त मार्ग गेला. २०१४ ला राणी जाधव समिती नेमली. २०१८ ला बंदरालाच या जमिनीचं विशेष नियोजन प्राधिकरण केलं आणि आराखड्याचा मसुदा आला. बॅलार्ड पिअरला क्रूझसाठी नवं टर्मिनल झालं. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू सुरू झाला. किनारा मोकळा होणार, बागा होणार, हॉटेलं होणार. होऊ द्या. गोदामं गंजत पडण्यापेक्षा बरं. माझा प्रश्न एवढाच आहे की ज्यांनी ही जमीन वापरती ठेवली ते या आराखड्यात कुठं आहेत.

हा प्रश्न उगाच नाही. गिरण्यांचं काय झालं ते आपण बघितलंय. १९८२ चा संप, मग एकेक गिरणी बंद. १९९१ चा नियम म्हणत होता की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ ला त्यात बदल झाला, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची असं ठरलं, आणि शहराच्या वाट्याला तुकडे आले. आज तिथं मॉल आणि टॉवर आहेत आणि गिरणी कामगारांचे वारस अजून घराच्या यादीत आहेत. गिरणगावाकडं निदान संघटना होती, शाहीर होते, लिहिणारे होते. बंदरावरच्या हमालाबद्दल लिहिलंय कोणी?

मग दुसरीकडं लोक काय करतात? मागच्या वर्षी माझ्या पुतण्याकडं जपानला, योकोहामाला आठ दिवस राहून आलो. तो तिकडं सॉफ्टवेअरमध्ये आहे. योकोहामा आणि मुंबई ही १९६५ पासून जोडशहरं आहेत, हे मला तिथं गेल्यावर कळलं. पण नातं त्याहून जुनं. १८९३ ला जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने मुंबईपर्यंत जहाजं सुरू केली, त्यात जमशेटजी टाटांचा हात होता. आपल्या कापसावर तिकडच्या गिरण्या चालायच्या. ती गाठ इथल्या कोणा हमालाने उचलूनच जहाजावर चढवली असणार.

योकोहामा १८५९ ला बंदर म्हणून उघडलं, तोपर्यंत ते कोळ्यांचं छोटं खेडं होतं. मग धक्के, जहाजं बांधायच्या दगडी गोद्या, लाल विटांची गोदामं. १९२३ च्या भूकंपाने शहर आडवं झालं. त्या राड्यारोड्याचाच समुद्रात भराव टाकून त्यांनी यामाशिता बाग केली. त्या बागेत एक नक्षीदार पाणपोई आहे. भूकंपानंतर शहराने तिथल्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांना आधार दिला, त्याच्या आभारासाठी त्यांनी ती बांधून दिली. पठारावरच्या माणसाला परमुलखात आपल्या लोकांची पाणपोई दिसली की काय वाटतं, ते तुम्हाला सांगायला नको.

शहराच्या मधोमध मित्सुबिशीची गोदी होती. ती हलवायची असं १९६५ पासून चाललं होतं, १९८३ ला हलली, आणि तिथं १८६ हेक्टरवर मिनातो मिराई नावाचा नवा भाग बांधायला घेतला. नावाचा अर्थ 'बंदर' आणि 'भविष्य'. लोकांकडून नावं मागवून ते ठरवलं. एक दगडी गोदी बागेसारखी करून ठेवलीय, त्यात उतरून माणसं डबा खातात. दुसऱ्या गोदीत शिडाचं जुनं जहाज उभं आहे. १९११ आणि १९१३ ची लाल गोदामं दुरुस्त करून २००२ ला लोकांना उघडी केली. बंदरातली जुनी मालगाडीची लाईन होती, तिचे रूळ तसेच ठेवून चालायची वाट केली. आणि पाण्याच्या काठाने मैलभर चाला, कोणी तिकीट विचारत नाही. मी मनात म्हटलं, आपली १९१५ ची बंदर रेल्वे अशी का होऊ नये?

तिसऱ्या दिवशी मात्र पुतण्या कामावर गेल्यावर एकटाच फिरत होतो. इशिकावाचो नावाच्या स्टेशनपासून थोडं आत गेलो तर वस्तीच वेगळी. अरुंद गल्ल्या, चार-पाच मजली इमारती, दारात बसलेली म्हातारी माणसं, एकेकटी. संध्याकाळी पुतण्याला विचारलं, त्याने शोधून सांगितलं. त्या वस्तीचं नाव कोतोबुकी. बंदरावर रोजंदारीने माल उतरवणाऱ्या मजुरांची. सकाळी मुकादम यायचा, माणसं निवडून न्यायचा. कंटेनर आल्यावर काम गेलं. माणसं तिथंच म्हातारी झाली, तीन चटयांच्या खोलीत, सरकारी मदतीवर. बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी तिथं परत गेलो होतो. एका म्हाताऱ्याने माझ्याकडं बघून मान लवली. भाषा येत नव्हती. त्याचे खांदे आबांसारखे होते, उजवा खाली उतरलेला.

जपानी लोकांनी दगड सांभाळला, वीट सांभाळली, रूळ सांभाळले. त्यांचं कौतुक आहेच. पण गोण्या वाहणारा माणूस तिथंही चित्रात मागंच राहिला. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचं ते घेऊ, आणि त्यांचं जे राहिलं ते तरी इथं करू.

म्हणून माझ्या मते मागणी साधी आहे. एक, पूर्व किनाऱ्याचं काही करा, पण बंदरांची जुनी नावं ठेवा. दाणा बंदरचं काहीतरी इंग्रजी 'व्ह्यू' करू नका. दोन, एक जुनं गोदाम तसंच ठेवून तिथं गोदी कामगार आणि माथाडींचं संग्रहालय करा. त्यात आकडा, बिल्ला, हातगाडी आणि मुख्य म्हणजे नावांची वही. तीन, बंदराच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहून राबलेल्यांची घरं आधी ठरवा, हॉटेलं नंतर. चार, किनाऱ्यावर फिरायला पैसे लावू नका. हमालाच्या नातवाला तिथं जायला तिकीट काढावं लागलं तर सगळंच वाया.

कोणी म्हणेल, आता हे उकरून काय मिळणार? आपली पोरं आज चाकणला जातात. कंत्राटावर, अकरा महिन्यांच्या. ठेकेदार मजुरी घेतो, स्वतःचं काढतो, उरलेलं देतो. चाकण-तळेगावच्या मोटारी त्याच मुंबई बंदरातून परदेशी गेल्यात. म्हणजे माल तोच रस्ता धरतोय आणि मुकादमही परत आलाय, फक्त आता त्याच्याकडं लॅपटॉप आहे. १९६९ चा कायदा कसा मिळाला हे त्या पोरांना माहीत नसेल, तर आपल्याला काय मागता येतं हे तरी त्यांना कळणार कसं?

आता काम सांगतो. तुमच्या घरात कोणी गोदीत, दाणा बंदरला, मशीद बंदरला, भायखळ्याला, तुर्भ्याला राबलं असेल, तर जिवंत असतील त्यांच्यापाशी अर्धा तास बसा. नसतील तर आजीला, चुलतीला विचारा. नाव, गाव, कोणत्या साली गेले, कुठं काम केलं, मुकादम कोण, खोली कुठं होती, एवढंच वहीत लिहा. बिल्ला किंवा पासबुक असेल तर जपून ठेवा, भंगारात घालू नका. यात्रेला आपण सगळे भेटतोच, तेव्हा वह्या घेऊन या. एकत्र यादी करू, ग्रामसभेत ठेवू आणि तिथून मुंबईला पाठवू.

आणि आडनाव लिहाल ते खरं लिहा. आमच्या आबांच्या टोळीतले बाकीचे दहा 'आणेकर' कोण होते, ते मला अजून सगळे सापडलेले नाहीत. तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरचे असतील.